आरोपपत्र मराठीतच द्या

रात्रपाळीच्या ऑपरेटरनं सुपरवायझरच्या खांद्यावर पाना मारला. चारचौघांसमोर. ‘मी मारलं नाही’ असं तो स्वतःही कधी म्हणाला नाही. तरी नागापूर एमआयडीसीतल्या माझ्या कारखान्यातलं ते प्रकरण आम्हाला पैसे मोजून मिटवावं लागलं, आणि त्याची चीड अजून जात नाही.

आरोपपत्र आमच्या लेबर कन्सल्टंटनं लिहिलं, इंग्रजीत. चौकशी अधिकारी म्हणूनही तोच बसला. मी तेव्हाच म्हटलं होतं, माणूस सातवी शिकलेला आहे, मराठीत द्या. ‘कोर्टात इंग्रजीच चालतं, शेठ, तुम्ही मशिनी बघा,’ हे त्याचं उत्तर.

बडतर्फीनंतर कामगारानं अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार केली. कामगार न्यायालयात त्याच्या वकिलानं कन्सल्टंटला एवढंच विचारलं : मराठी प्रत दिली होती का? जबाब कामगाराला वाचून दाखवले का? आमच्याकडून दर महिन्याला फी घेणारा हा माणूस खाली बघत म्हणाला, ‘कंपनीनं सांगितलं तसं केलं.’ मी मागच्या बाकावर होतो. खटला तिथंच हातचा गेला, हे मला कळलं.

चौकशी सदोष ठरली. न्यायालयात नव्यानं पुरावा देण्याची मुभा मिळते, पण तशी मागणी वेळेत लेखी मांडलेली लागते. आमच्या वकिलानं ती मांडली होती, हे नशीब. मात्र सुपरवायझर तोवर चाकणला गेला होता. ‘मला आता त्यात ओढू नका,’ म्हणाला. मार खाल्लेला माणूसच येईना, तर सिद्ध काय करणार?

म्हणून सांगतो. आरोपपत्र लिहिणारा आणि चौकशी करणारा एकच माणूस नको. ‘गैरवर्तन केले’ एवढ्यावर भागत नाही. तारीख, वेळ, जागा, कोणता शब्द, कोणता फटका, सगळं लिहा. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी उतरवून ठेवा. साक्षीदारांचे जबाब लगेच घ्या, सही त्यांना वाचून दाखवूनच. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार, चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर पुढे पाऊण पगार. तो अडवू नका. शांत राहा, कागद जपा.

न सांगता गैरहजर राहिला म्हणून हजेरीपटावरून नावही परस्पर काढू नका. डी. के. यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच सांगितलं की बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय तसं करता येत नाही. यादवांना निम्म्या मागील पगारासह कामावर घ्यावं लागलं.

ऑपरेटर आणि सुपरवायझरचं ओव्हरटाइमवरून आधीपासून बिनसलं होतं, हे मला कोर्टात कळलं. अशा कुरबुरी वेळीच ऐकायला वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानंच लागते. नागापूर, सुपा, श्रीरामपूरच्या कारखानदारांनो, ती कागदावर ठेवू नका, तिची बैठक घ्या.