बाळाला वरणाचे पाणी नको, गुरगुट्या भात द्या



गरम गुरगुट्या भात आणि वर तुपाची धार! आपण सगळे त्यावरच वाढलो. बाळाला ६ महिने पुरे झाले की अंगावरच्या दुधाबरोबर हाच भात सुरू करायचा. पण पुष्कळ घरांत बाळाला मिळते ते नुसते वरणावरचे पाणी. "सगळा कस पाण्यात उतरतो, अन् पचायलाही हलकं," असे वडीलधारी मंडळी मायेने सांगतात. खरे तर कस राहतो तळाच्या डाळीत. बाळाचे पोट लहान. ते पाण्यानेच भरले की बाळ गप्प बसते, पण अंग धरत नाही.

एका वेळेसाठी : तांदूळ २ चमचे, मुगाची डाळ १ चमचा, लाल भोपळ्याची लहान फोड किंवा पालकाची ४ पाने, चिमूटभर हळद, तूप किंवा गोडेतेल १ चमचा.

कृती : हात साबणाने धुवा. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. भाजी बारीक चिरून घाला. हळद व पाऊण वाटी पाणी घालून मऊ शिजवा. घरच्या कुकरात वाटी ठेवली तरी चालते. मग पळीने घोटा आणि वरून तूप घाला. वर्षाच्या आत वेगळे मीठ, साखर घालू नका.

भात बेताचा झाला का, कसे ओळखाल? चमचा तिरका करा. भात चमच्याला धरून राहिला तर ठीक. ओघळला तर अजून आटवा.

डाळ-तांदूळ एकत्र का? तांदळाच्या प्रथिनांत जे उणे, ते डाळ भरून काढते. डाळीतले उणे तांदूळ भरतो.

किती द्यावा? प्रथम २-३ चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्धी वाटी, दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, आणि भात कमी घोटा. बाळाला चावायची सवय लागते. वाटी-चमचाच वापरा, बाटली नको. बाळाने तोंड फिरवले तर जबरदस्ती नको, थोड्या वेळाने पुन्हा द्या. ताप किंवा जुलाब झाले तरी खाणे तोडू नका. थोडे थोडे, पण जास्त वेळा भरवा. अंगावरचे दूध २ वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवा.

भरवायचे काम एकट्या आईचे नाही. बाबांनीही बाळाला मांडीवर घ्यावे.

दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचे वजन करून घ्या. पाणी पाजले की भात भरवला, ते काटाच सांगेल.