मनीचं ऑपरेशन : फी किती, खर्च किती

‘मांजरीच्या नसबंदीच्या ऑपरेशनला किती घेता?’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. मी ठेवला होता. त्या रकमेत भूल, टाके, इंजेक्शनं धरली आहेत की नाहीत हे विचारायचं सुचलंच नाही, आणि बिल हातात पडलं ते दीडपट.

ठोकळ हिशेब असा धरा. खासगी दवाखान्यात बोक्याचे 1,500 ते 3,000 रुपये, मांजरीचे 3,000 ते 6,000. या फरकावर लोक कुरकुरतात. पण बोक्याचं काम बाहेरच्या बाहेर, दहा-पंधरा मिनिटांचं. बहुतेकदा टाकाही लागत नाही. मांजरीचं पोट उघडून बीजाशय आणि बहुधा गर्भाशयही काढावं लागतं. ती गाभण किंवा माजावर असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते, आणि तिच्याबरोबर बिलही. आधी रक्त तपासायचं ठरलं तर 500 ते 1,000 वेगळे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा शंकू दोनेकशेंचा. आम्ही त्याऐवजी नातवाचं जुनं झबलं घातलं, नाड्या पाठीवर बांधून. अर्धा दिवस मनी त्यात दारुड्यासारखी तिरकी चालली, मग रुळली.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र. औषधं आणि दोरा मात्र बाहेरून आणायला लागू शकतो. तिथला व्याप गुरांचा, म्हणून मांजरींची ऑपरेशनं तिथे होतात का, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. करणारा नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्यकच हवा. गुरांना सुया टोचणारा ओळखीचा माणूस कितीही हुशार असला तरी या कामाला नको. प्राणिप्रेमी संस्था कमी पैशांत करतात, पण त्यासाठी पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जायचं तर गाडीभाडंच ऑपरेशनइतकं होतं. आमच्या पिंगुळीहून कुडाळ रिक्षाने जवळ. आधी तिथेच चौकशी करा.

‘एकदा तरी विऊ दे गे तिका,’ असं शेजारणी सांगतील. त्याला वैद्यकीय आधार नाही. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, जेमतेम नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहू शकते. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात उरकलेलं बरं, तेही डॉक्टरने वजन आणि तब्येत पाहून हो म्हटल्यावर. चतुर्थीच्या आठवड्यातली तारीख मात्र घेऊ नका. घरभर पाहुणे, पोरं. जखमेच्या मांजरीला कोपरा मिळत नाही.

सगळ्यात अवघड काम उपासाचं. भूल देताना पोट रिकामं हवं, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरलाच विचारा. लहान पिल्लाला मोठ्या मांजरीइतकं ठेवत नाहीत. आम्ही रात्री मनीला पडवीत ठेवलं आणि निश्चिंत झोपलो. सकाळी टोपलीत घालून कुडाळला नेली. डॉक्टरांनी पोटावर हात फिरवला, तोंड हुंगलं आणि विचारलं, ‘हिने काय खाल्लंय?’ घरी परत. वाटेवरच शेजारच्या काकी भेटल्या. ‘एकच पेडवो घातलंय गे, उपाशी दिसला म्हणान.’ पेडवा नावाच्या त्या एका माशापायी जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं दोनदा भरलं. पुढच्या खेपेला मनी न्हाणीघरात, बाहेरून कडी, आणि काकींना आगाऊ सूचना.

घरी आणल्यावर तिला उंच फळीवर नव्हे, जमिनीवरच गोणपाटाच्या घडीवर ठेवा. भुलीच्या तंद्रीत मांजर उडी मारायला जाते आणि पडते. पावसाळ्यात लादी ओली असते, तेव्हा गोणपाट बदलत राहा. वेदना होतेय म्हणून मुलांचं पॅरासिटामॉल सिरप चुकूनही देऊ नका. थेंबभरही नको, मांजराच्या जिवावर बेततं. डॉक्टरने दिलेलं औषध तेवढंच.

बोक्याचं केलंत तरी पुढचे काही आठवडे त्याला माद्यांपासून दूर ठेवा, तेवढे दिवस तो बाप होऊ शकतो.

टाके काढायला दहा ते चौदा दिवसांनी आणखी एक फेरी. विरघळणारा दोरा वापरणार का, हे पहिल्याच फोनला विचारलंत तर ती फेरी वाचेल.