पिकांची संरक्षक प्रथिने

गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असताना तापमान एकाएकी वाढले, तर दाणे बारीक राहतात व उत्पादन घटते. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतातील गव्हाच्या पट्ट्यात हेच घडले. देशातील सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने तो १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला.

जनावर सावलीला जाते. वनस्पतीला जागा सोडता येत नाही. तिला आपले संरक्षण पेशींच्या आतच उभारावे लागते. हे कार्य काही विशिष्ट प्रथिने करतात.

उष्णतेपासून संरक्षण

प्रत्येक प्रथिनाची ठरावीक घडी असते व ती शाबूत असेपर्यंतच ते कार्यक्षम राहते. अतिउष्णतेने घडी मोडते आणि अंड्याचा पांढरा बलक शिजून घट्ट व्हावा, तशा प्रथिनांच्या गुठळ्या होतात. अशा वेळी पेशी नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती कमी करून ‘उष्णताघात प्रथिने’ तयार करू लागते. त्यांपैकी काही मोडू लागलेल्या प्रथिनांना सावरून धरतात, काही त्यांची घडी पुन्हा घालतात, तर काही गुठळ्या सोडवितात. या प्रतिसादाची पहिली खूण इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रिटोसा यांना फळमाशीत आढळली. त्यांनी ती १९६२ साली प्रसिद्ध केली. पुढे जीवाणू, वनस्पती व मनुष्य यांतही तो प्रतिसाद दिसून आला.

शुष्कतेपासून संरक्षण

बी पक्व होताना त्यातील बहुतेक पाणी निघून जाते, तरी गर्भ जिवंत राहतो. या अवस्थेत साठणारी जलस्नेही प्रथिने अमेरिकन शास्त्रज्ञ लिऑन ड्यूर यांना १९८१ च्या सुमारास सरकीत आढळली. कणगीतील कोरडी ज्वारी पुढील हंगामात उगवते, त्यात अशा प्रथिनांचा वाटा असतो.

मर्यादा आणि उपाय

हे संरक्षण अमर्याद नाही. ते उभारण्यास वेळ लागतो, आणि त्यासाठी खर्च होणारी शक्ती वाढीतून व दाण्यातून वजा होते. उष्मा हळूहळू वाढला तर पीक सज्ज होते. अचानक आला तर गाफील सापडते. म्हणूनच बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकणे आणि दाणा भरताना पाणी न चुकविणे हितावह ठरते. रोपवाटिकेतील रोपांना लागणीपूर्वी काही दिवस पाणी कमी करून उन्हाची सवय लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था अशा ताणांवरच संशोधन करते. ताण सोसणारे वाण आवश्यक आहेतच. परंतु वेळेवर पेरणी व वेळेवर पाणी यांची जोड मिळाली, तरच पिकाची अंगभूत शक्ती फळास येईल.