मुलांस घरचा केर कमी करावयास कसें शिकवावें
(प्राथमिक शाळांच्या शिक्षकांकरितां तीन पाठ)

उकिरडा हा शब्द लोक तुच्छतेनें उच्चारितात. परंतु शेतकऱ्याच्या घरीं उकिरडा हें एक प्रकारचें धनच होतें. शेण, राख, पालापाचोळा, भाजीचे देठ, जें जें घराबाहेर पडे तें तें कुजून मृगाआधीं गाडीनें शेतांत जात असे. आज त्याच उकिरड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, बिस्किटांचीं वेष्टणें व दाढीचीं जुनीं पातीं पडतात, आणि खताबरोबर तीं शेतांत जातात. संत गाडगे महाराजांनीं (1876–1956) खराटा घेऊन गांवोगांव झाडलें. त्या काळचा खेड्यांतील केर बहुतेक कुजणारा होता. आजचा पुष्कळ केर झाडल्यानें एका जागेवरून दुसऱ्या जागीं जातो, एवढेंच. म्हणून मुलांस नुसतें झाडावयास शिकवून भागत नाहीं. केर घरांत उत्पन्नच कमी व्हावा, हें शिकविलें पाहिजे. याकरितां तिसऱ्या-चौथ्या इयत्तेस देतां येतील असे तीन पाठ आम्ही येथें देत आहों.

पाठ पहिला : केराची यादी

मुलांनीं घरीं संध्याकाळीं केर भरतांना सुपलींत काय काय पडलें तें नुसतें पाहावें, हात लावूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं पाटीवर लिहून आणावें. शिक्षकांनीं फळ्यावर तीन रकाने पाडावे : कुजणारें, न कुजणारें, आणि इजा करणारें. साली, खरकटें, पाने पहिल्यांत. पिशव्या, वेष्टणें, पत्रा दुसऱ्यांत. फुटकी काच, पातें, जुनें औषध तिसऱ्यांत. केंद्र सरकारनें 2016 साली केलेल्या नियमांतही ओला, सुका व घरगुती घातक अशी वाटणी सांगितली होती. यादी पुरी झाल्यावर विचारावें, “तुमच्या आजीच्या लहानपणीं यांतील कोणता रकाना मोठा असेल व कोणता रिकामा?” उत्तर मुलांनींच घरून विचारून आणावें.

पाठ दुसरा : पांच खड्डे

शाळेच्या आवारांत वीतभर खोल पांच खड्डे करावे. एकांत केळ्याची साल, दुसऱ्यांत लिंबाचा पाला, तिसऱ्यांत कागद, चौथ्यांत सुती चिंधी व पांचव्यांत बिस्किटाचें वेष्टण पुरून प्रत्येकाजवळ खूण रोवावी. माती ओलसर ठेवावी. एक महिन्यानें व पुन्हा तीन महिन्यांनीं उकरून पाहावें. साल बहुधा ओळखूंही येणार नाहीं. कागद व चिंधी विरूं लागलेलीं दिसतील. वेष्टणावरील अक्षरें मात्र वाचतां येतील.

मग एखादा मुलगा म्हणेल, “गुरुजी, तें जाळून टाकावें.” पुष्कळ घरीं चूल पेटवितांना प्लास्टिकची पिशवी घालितात, हें आमच्या पाहण्यांत आहे. मुलांस सांगावें कीं, अर्धवट जळलेल्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि चुलीपाशीं बसलेल्या आईच्या व कडेवरील बाळाच्या छातींत तोच प्रथम जातो. दुसरा म्हणेल, “गांवाबाहेर टाकावें.” तेथें गुरें चरतात. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत प्लास्टिक अडकून राहतें. तें पचत नाहीं व पुढें सरकत नाहीं. त्याचा गोळा वाढला म्हणजे वैरणीस जागा उरत नाहीं, आणि जनावर भरल्या पोटीं उपाशी मरतें. पुरणें, जाळणें, फेकणें हे तीनही मार्ग असे बंद झाले म्हणजे मुलांचें मन तिसऱ्या पाठास तयार होतें.

पाठ तिसरा : तीन प्रश्न

प्रत्येक वस्तूविषयीं मुलानें हे तीन प्रश्न क्रमानें विचारावे. ही घरीं आलीच नसती तर चाललें असतें काय? आली, तर पुन्हा वापरतां येईल काय? वापरून संपली, तर तिची माती होईल काय?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाजारास जातांना कापडी पिशवी नेली, तेलास घरची बरणी नेली, जेवणावळीस पळसाच्या पत्रावळी आणिल्या, तर तितका केर घरांत शिरतच नाहीं. पांच रुपयांची पुडी रोज घेतली तर 30 दिवसांत 150 रुपये जातात व 30 वेष्टणें उरतात. हें गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावें. दुसऱ्या प्रश्नास उदाहरणें घरोघर आहेत : जुन्या लुगड्याची गोधडी, वहीच्या कोऱ्या पानांची शिवलेली नवी वही. तिसऱ्यासाठीं शाळेंतच खताचा खड्डा करावा : ओल्या सालींवर सुक्या पाल्याचा थर, बेताचें पाणी, आणि हवा लागावी म्हणून अधूनमधून खालवर करणें.

महाराष्ट्र सरकारनें 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे इत्यादि एकदां वापरून फेकावयाच्या कांहीं वस्तु देशभर बंद करण्यांत आल्या. बिस्किटाचें वेष्टण त्या यादींत नव्हतें. जेथें कायदा पोहोंचला नाहीं तेथें मुलाचा प्रश्न पोहोंचावा.

शिक्षकांस दोन सूचना

पहिली : शाळेंतील झाडणें, खड्डा भरणें हीं कामें पाळीनें सर्वांनीं करावीं, व शिक्षकांनींही आपली पाळी घ्यावी. खराटा मुलींच्याच हातीं देऊं नये. आणि कोणाचे वाडवडील कोणतें काम करीत होते हें मनांत आणून तर कधींच देऊं नये. आपल्या गांवांत केराचें ओझें पिढ्यान्‌पिढ्या कांहीं घरांच्याच माथीं मारिलें गेलें. ज्या पाठानें एका मुलाची मान खालीं जाते, तो पाठ स्वच्छतेचा नव्हे.

दुसरी : मुलानें घरीं जाऊन आईस उपदेश करूं नये. ती एक रुपयाची शांपूची पुडी घेते, कारण मोठ्या बाटलीचे पैसे तिच्यापाशीं एकदम नसतात. मुलानें आपल्या हातून होईल तें करावें : पिशवी आठवणीनें न्यावी, ताटांत खाईल तेवढेंच वाढून घ्यावें, साली खड्ड्यांत टाकाव्या. आई पाहते, आणि न बोलतां पुष्कळ शिकते.

उजळणीचे प्रश्न

1. आपल्या सुपलींतील कोणती वस्तु घरीं आली नसती तरी चाललें असतें?
2. प्लास्टिक जाळल्यानें घरांत प्रथम कोणास बाधा होते?
3. पांचव्या खड्ड्यांतील वस्तु तशीच कां राहिली?
4. तीन महिन्यांनीं पुन्हा यादी करा. दुसरा रकाना किती लहान झाला?