किशोरांचे ‘व्हेपिंग’ आणि वर्तनदोष

व्हेपिंग करणारा मुलगा पुढे चोरी-मारामारीकडे वळतो काय, असा प्रश्न पालक वैद्यासही विचारतात. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांच्या २०१७ च्या ‘मॉनिटरिंग द फ्युचर’ पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेपिंग करणाऱ्या आठवी व दहावीच्या विद्यार्थ्यांत हिंसक वर्तन व मालमत्तेसंबंधीचे अपराध अधिक आढळले. यंत्रातून गांजा ओढणाऱ्यांत ते विशेष होते. मात्र पाहणी एका वेळची असल्याने कारण कोणते व कार्य कोणते, हे तीवरून ठरत नाही.

आपल्या परिभाषेत दोन्हींचे मूळ धृतिभ्रंशात असू शकते. अहितापासून मनास आवरणारी धृती या वयात अपक्वच असते. त्यात सवय जडल्यावर काही तास निकोटिन न मिळाल्यास चिडचिड, अस्वस्थता, अनवधान उत्पन्न होते, आणि शाळेत त्यालाच उद्धटपणा म्हणतात! शिवाय भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात निषिद्ध आहे. साहजिकच मुलाचा संबंध चोरट्या विक्रेत्याशी येतो, घरातून पैसे लपवून न्यावे लागतात. अपराधाची ओळख धुरापेक्षा या व्यवहारातून अधिक होत असावी, असे माझे मत आहे.

चिकित्सेत सत्त्वावजय प्रधान. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात लोभ-क्रोधादि धारणीय वेग सांगितले आहेत आणि अहित सवय पादांशाने सोडण्याचा क्रमही तेथेच दिला आहे. येथे अडचण अशी की, बिडी ओढून संपते, तसे हे यंत्र लवकर संपत नाही. मग पाद मोजावा कशाचा? प्रथम आठवडाभर ओढण्याच्या वेळा मुलाकडूनच लिहून घ्याव्यात व त्यांतून पाद कमी करावा. हा इतिहास घेताना पालकांस काही वेळ बाहेर बसवावे. अन्यथा खरे उत्तर मिळत नाही. गांजाचा संशय किंवा आत्मघाताचे विचार असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक गोष्ट. ‘हर्बल’, ‘निकोटिनविरहित’ अशा नावाने ही यंत्रे कोणी देऊ केल्यास ती ठेवू नयेत. पदार्थात निकोटिन असो वा नसो, तो तापवून ओढण्याचे विद्युत् यंत्र कायद्याच्या व्याख्येत येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेले उत्पादन तेवढे वगळले आहे. नुसत्या साठवणुकीसही शिक्षा आहे. धूमपान आपल्या शास्त्रातच आहे, असा युक्तिवाद विक्रेते करतील. त्या धूमपानास द्रव्य, काल व मात्रा यांचे बंधन आहे, आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वाग्भटाचार्यांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते स्पष्टपणे वर्ज्य सांगितले आहे.