ऑइल खाणारी जुनी गाडी: अनुभवाचे बोल

आमच्या धर्मापुरीत केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला बघायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या नव्या असतात. माझी टाटा सुमो जुनी आहे आणि मीटर कधीच लाखांच्या पुढे गेलंय. सुमोचं उत्पादन २०१९ साली थांबलं, त्यामुळे आहे ती जपणं आलं. रात्री-अपरात्री कुणाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचं झालं, तर दारातली गाडी चालू स्थितीत हवी. म्हणून हे लिहितोय.

१. आधी मोजा. ‘गाडी ऑइल खातेय’ एवढं सांगून मिस्त्रीला काही कळत नाही. सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असताना, डिपस्टिक काढून कोरड्या फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून मीटरचा आकडा वहीत टिपायचा. हजार किलोमीटरला किती भरावं लागलं, हाच खरा हिशोब. पाव-अर्धा लिटर लागत असेल, तर जुन्या इंजिनाच्या मानाने चिंता नाही. काही परदेशी कंपन्या तर हजाराला एक लिटरपर्यंत चालतं म्हणतात.

२. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका. तो ऑइलचं प्रेशर सांगतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगं कोरडी पडायला लागलेली असू शकतात.

३. ऑइल जळतंय की गळतंय, ते ठरवा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला तर ऑइल चेंबरचा नट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचं बूड तपासा. ही कामं स्वस्तात होतात. डाग नाही आणि तरी पातळी उतरते, मग धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी चालू करताना भपकारा येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर सतत येत असेल, तर रिंगांवर. सील बहुतेक वेळा इंजिन न उतरवता बदलता येतात, हे मिस्त्रीला जरूर विचारा. काळा धूर दिसला तर दोष डिझेल-हवेच्या प्रमाणात शोधायचा.

४. आपल्या भागात इंजिनाचा खरा शत्रू धूळ. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू झाल्या, की त्यांच्यामागे कितीतरी वेळ धुरळ्यातूनच जावं लागतं. त्या मातीतले बारीक कण आत गेले की रिंगा आणि बोअर घासतात. ऑइल खाणं तिथून सुरू होतं. एअर फिल्टर जागेवर असला म्हणजे झालं, असं नाही. फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली, तर पाइप चिरलाय, क्लिप ढिली आहे किंवा फिल्टर फाटलाय. कागदी फिल्टरला हवा मारायचीच असेल, तर आतून बाहेर आणि हलकी. जोरात मारली की कागद फाटतो. हंगामात मी फिल्टर लवकर बदलतो. नवा फिल्टर रिंगांपेक्षा कितीतरी स्वस्त.

५. ब्रीदरचा पाइप साफ ठेवा. तो तुंबला की आतला दाब ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो.

६. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरू नका. क्रँक त्यात घुसळला की फेस होतो, ऑइल ब्रीदरमधून हवेच्या वाटेत शिरतं. डिझेल इंजिन तेच ऑइल जाळून बेफाम पळू लागलं, तर चावी बंद करूनही थांबत नाही.

७. ‘सारखं नवं ऑइल पडतंच आहे, मग बदलायचं कशाला?’ असं म्हणणारे भेटतात. हे साफ चुकीचं. काजळी आणि लोखंडाचा भुगा चेंबरमध्येच राहतो, फिल्टरही जुनाच राहतो. ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलायचेच. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतली. खाणं वाढलं तर उन्हाळ्यात एक पायरी जाड चालेल, पण मिस्त्रीला विचारून. बाटलीतल्या जादूच्या औषधांवर माझा विश्वास नाही.

८. पाचशे किलोमीटरलाच लिटर लागू लागलं आणि बॅक कॉम्प्रेशनही मारत असेल (ब्रीदरमधून दाबाने धूर येत असेल), तर कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि मगच इंजिन उघडायचं ठरवा. त्याआधी नाही.

आणि एक विनंती. काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर द्या.