मुक्त गणिती आज्ञावलीतील दोषाची नोंद

सुरतेतील पांडेसरा-बमरोली हा यंत्रमागांचा पट्टा होय. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झालेली आढळतात. यंत्रमागावरील मजुरी बहुधा उत्पादनावर ठरत असल्याने हिशेबाच्या आज्ञावलीतील चूक थेट कामगाराच्या पगारात उतरू शकते. म्हणूनच अशी चूक ओळखणे व ती योग्य ठिकाणी कळविणे हा अभ्यासाचा विषय ठरतो.

समजा, एका शेडमध्ये 30 माग असून प्रत्येक माग मिनिटास 150 पिक, म्हणजे आडवे धागे, टाकतो. अखंड चालल्यास एका मागाचे दिवसाचे 2,16,000 व शेडचे 64,80,000 पिक होतात. सुट्या न धरता 365 दिवसांची बेरीज 2,36,52,00,000 इतकी येते. हीच बेरीज पायथन भाषेतील नमपाय या मुक्त गणिती संचाच्या 2.0 पूर्वीच्या आवृत्तीत, विंडोज प्रणालीवर केली असता उत्तर उणे 1,92,97,67,296 येत असे! कोणतीही सूचना मिळत नसे. लिनक्सवर मात्र उत्तर बिनचूक येई. कारण असे की, विंडोजवर पूर्णांकासाठी 32 बिटांचीच जागा धरली जाई आणि तीत 2,14,74,83,647 पेक्षा मोठी संख्या मावत नाही.

आता, ‘बेरीज चुकते’ एवढेच कळविल्याने काय साधणार? लिनक्स वापरणाऱ्या तंत्रज्ञास तो दोष दिसणारच नाही. म्हणून नोंदीत संचाची आवृत्ती, संगणक प्रणाली, दिलेली आज्ञा, आलेले उत्तर व हाताने काढलेले अपेक्षित उत्तर नमूद करणे अगत्याचे आहे. उदाहरण शक्य तितके लहान करावे. वर्षभराचे आकडे पाठविण्याचे कारण नाही. 2,14,74,83,647 आणि 1 या दोनच संख्यांच्या बेरजेत तो दोष उघड होतो. कारखान्याची खाजगी माहितीही त्यामुळे बाहेर जात नाही. पूर्वी कोणी तीच नोंद केली आहे काय, हेही आधी पाहावे.

प्रत्येक विचित्र उत्तर दोष नसते. नमपायमध्ये 2.5 चे पूर्णांकन 2 होते आणि 3.5 चे 4. बरोबर मध्यावरील संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यावी, असा नियम त्याच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. शाळेतील नियमाने हिशेब तपासणाऱ्यास तो खटकतो, एवढेच.

32 बिटांची बाबही विकासकांस ठाऊक असलेली मर्यादाच होती. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या 2.0 आवृत्तीत 64 बिटांच्या विंडोजवर 64 बिटांचा पूर्णांक हाच मूळ प्रकार करण्यात आला. जेथे जुनी आवृत्ती अद्याप वापरात आहे, तेथे आकड्यांचा प्रकार 64 बिटांचा असल्याचे आज्ञेतच स्पष्ट लिहावे व एका महिन्याची बेरीज कागदावर ताडून पाहावी.